दोन कोरी पानं

१

पेटीवरची लाख शाबूत होती. कुलूपही शाबूत होतं. तरीही आत हात घालून पाकीट बाहेर काढताना किशोरीबाईंना काहीतरी खटकलं. नेमकं काय, ते मात्र त्या क्षणी उमगलं नाही.

किशोरी तोरसकर छत्तीस वर्षं टपालखात्यात होत्या. खारेपाटणच्या पोस्टातून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी गावात बायकांची एक संस्था चालवायला घेतली. त्यामुळेच वालावलकरांच्या काजू कारखान्यात, बायकांच्या छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत समितीवर, त्यांना बाहेरच्या सदस्य म्हणून घेतलं होतं. कारखाना खारेपाटणपासून बसने अर्ध्या तासावर. बी उकडण्यापासून काजूगर डब्यात भरण्यापर्यंत सगळी कामं तिथेच होत, आणि साठातल्या पन्नास कामगार बायका होत्या.

पाणपोईशेजारच्या भिंतीवर तक्रारपेटी टांगलेली असे. तिची चावी समितीच्या अध्यक्ष नम्रता धुरी यांच्याकडे. कुलपावर लाखेचं सील मात्र किशोरीबाई स्वतः करत, नि त्यावर आपल्या पितळी शिक्क्याचा ठसा उमटवत. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोघींनी मिळून सील तोडायचं, असा किशोरीबाईंनीच घालून दिलेला शिरस्ता होता. चार वर्षांत पेटीतून एकदा गुटख्याची पुडी निघाली होती. तक्रार एकही नाही.

आज पाकीट निघालं होतं.

नम्रताने ते एका कडेने फोडलं. आत दोन पानं होती. दोन्ही कोरी.

"कुणीतरी थट्टा केली, बाई," ती म्हणाली. पॅकिंग विभागात बारा वर्षं काढलेली ही बाई एरवी कशालाच घाबरत नसे, पण आता तिच्या आवाजात सुटल्याचा सुस्कारा होता. किशोरीबाईंना तो ऐकू आला.

"थट्टा असेल तर असू दे. पण जे निघालं ते निघालं." त्यांनी पाकिटावर तारीख घातली, त्यावर दोघींनी सह्या केल्या आणि पानं, पाकीट, तोडलेल्या लाखेचा तुकडा, सगळं पिशवीत ठेवलं.

बाहेर ड्रायरच्या खोलीपाशी रुक्मिणीचा आवाज चढला होता. काजूगर वाळवायचे दोन मोठे ड्रायर तिच्या ताब्यात. "कोण गो नखपालीस लावन ट्रेंका हात लावता? परवा एक तांबडो डाग खरवडून काढलंय. लोक काजूगर खातले, नखां नाय!" सोलणीच्या पोरी खाली मान घालून हसत होत्या. किशोरीबाईही हसल्या नि फाटकाबाहेर पडल्या.

बसथांब्यावर एक मुलगी त्यांची वाट बघत उभी होती. चोविशीची असेल. प्रतवारीच्या टेबलावर बसणारी शिवांगी गावडे.

"बाई," ती हळूच म्हणाली, "माझी तक्रार वाचलात?"

२

बस आली आणि गेली. दोघी थांब्याच्या कट्ट्यावर बसून राहिल्या.

शिवांगी आधी ऑफिसात बोलावं तशी शुद्ध बोलत होती. मग तिचं तिलाच ते झेपेना. "सुपरवायझर सुशांत मेस्त्री. गेले चार म्हयने. टेबलाच्या मागसून येवन वाकता. गर तपासतंय म्हणता नि खांद्यार हात ठेयता. रात्री फोनार नको नको ता लिवन धाडता. बारक्या पोरींका घाबरवता. माका म्हणालो, दुपारची पाळी होयी तर गोदामात येवन माग. घरी आवशीक सांगलंय, तर ती म्हणता नोकरी सोड. मी कित्याक सोडू बाई? मी काय केलंय?"

"काही नाही केलंस," किशोरीबाई म्हणाल्या. "तक्रार कधी टाकलीस?"

"मंगळवारी. तो सोमवारसून बेळगावाक गेल्लो, मशीनचे भाग आणूक. म्हणान धीर झालो. जेवणाच्या सुट्टीत लिवलंय. दोन पानां भरली."

"पाकिटावर काही खूण?"

"जोडार सही केल्लंय. कोण उघडीत तर कळात म्हणान."

किशोरीबाईंनी पिशवीतलं पाकीट बाहेर काढलं. जोडावर सही नव्हती. शिवांगीने ते उलटसुलट करून बघितलं. "कोणी बदललां बाई. ह्या माझा नाय."

"थांब. चिकटवलंस कशाने?"

"डिंक नव्हतो. डब्यातल्या भाताची शितां लावलंय."

किशोरीबाईंनी पाकिटाची कड नखाने अलगद उचलली. आत, चिकटलेल्या भागात, एक अख्खं शीत वाळून काचेसारखं कडक झालं होतं. त्याच्या शेजारी आणखी एक, चेपलेलं.

आयुष्यभर लाखो पाकिटं त्यांच्या हातांतून गेली होती. वाफेवर धरून उघडलेलं पाकीट त्यांना डोळे मिटूनही ओळखता आलं असतं. हे नम्रताने आज फोडलं, त्याआधी कुणी उघडलंच नव्हतं.

"शिवांगी," त्या म्हणाल्या, "पाकीट तुझंच आहे. पानंही तुझीच असणार."

"मग माझी अक्षरां खंय गेली?"

३

किशोरीबाई पुढची बस सोडून परत कारखान्यात शिरल्या. फाटकावर महादू वॉचमन होता. साठीचा, खाकी टोपीतला, ओळखीचा माणूस.

"बाई, परत इल्यात?"

"एक राहिलं. महादू, सुशांत मेस्त्री बेळगावहून कधी आला?"

महादूने वही उघडून दाखवली. सोमवारी सकाळी गाडी बाहेर, आज शनिवारी सकाळी साडेआठला आत. मधे कुठेही नोंद नाही. "भिंतीवरून उडी मारून इलो असात तर देव जाणे," महादू म्हणाला, "पण तेचा पोट बगलास मां?"

ज्याला तक्रार नाहीशी झालेली सगळ्यांत जास्त हवी होती, तो पाच दिवस या आवारात नव्हता.

मग नम्रता. किशोरीबाईंनी तिला पॅकिंगच्या खोलीत गाठलं. "तुझ्याकडे चावी असते. खरं सांग, पेटी उघडली होतीस?"

नम्रताच्या डोळ्यांत पाणी आलं, पण रागाचं. "सील तुमचं, बाई. मी उघडली असती तर सील तुटलं नसतं? मी घाबरते हे खरं आहे. येत्या गुरुवारी आपला माल घेणाऱ्या परदेशी कंपनीची माणसं तपासणीला येतायत. मालकांनी सगळ्यांना ताकीद दिलीय. आज कोरी पानं बघून मला बरं वाटलं, आणि ते वाटलं याची मला लाज वाटते. पण चोरी नाही केली मी."

किशोरीबाईंनी तिचा हात दाबला. "आज काय निघालं ते कुणाला बोललीस?"

"कुणालाच नाही. नवऱ्यालाही नाही सांगणार."

शेवटी मॅनेजर केयूर आजगावकर. तरुण, नीटनेटका, कुणावर आवाज न चढवणारा. तो टेबलावर पाळ्यांचा तक्ता करत होता. कुणाचं तरी नाव चुकलं, तसं त्याने हातातलं पेन उलटं केलं आणि शेपटीने घासून ते पुसलं. तक्ता स्वच्छ झाला. टेबलावर रबराचा एक कणही पडला नाही.

"बसा ना मॅडम. काही अडचण?"

"पेटीत कोरा कागद निघाला. कुणी टाकला असेल, काही कल्पना?"

"मला कशी असणार? पेटी समितीची. मी तिच्याकडे बघतसुद्धा नाही." तो हसला. "पण दोन कोऱ्या कागदांवरून एवढी धावपळ कशाला? पोरी चेष्टा करतात. तपासणी तोंडावर आलीय, गाजावाजा नको, एवढीच विनंती."

"बरोबर आहे," किशोरीबाई म्हणाल्या आणि उठल्या.

बाहेर आल्यावर त्या पाणपोईपाशी थांबल्या. 'कोरा कागद' असं त्या म्हणाल्या होत्या. 'दोन' तो म्हणाला होता.

पेटीमागची भिंत पांढरीशुभ्र होती. चुन्याचा वास अजून गेला नव्हता. शेजारी कारखान्याचं मोठं कॅलेंडर लटकत होतं. किशोरीबाईंनी दर महिन्याप्रमाणे ते बाजूला सारलं. मागे समितीची पाटी होती. सदस्यांची नावं, फोन नंबर, तक्रार कुठे करायची ते सगळं. कायद्याप्रमाणे ती लावलेली होती, आणि कुणाला दिसू नये अशी झाकलेलीही होती.

"महादू," त्यांनी हाक मारली, "ही भिंत कधी रंगवली?"

"बुधवारी. केयूर सायबान सांगल्यानी, मी माणसां हाडलंय. एवढीच भिंत रंगवली. बाकीच्यो भिंती बगा, शेवाळ चढला."

"आणि पेटी?"

"ती सायबान आपल्या हातान उतरवून न्हेल्यानी. रंग लागात म्हणान. गुरुवारी परत टांगल्यानी."

४

बसमध्ये खिडकीपाशी बसून किशोरीबाईंनी लाखेचा तुकडा तळहातावर घेतला. मघाशी काय खटकलं होतं, ते आता उजेडात कळलं.

शिक्क्याची अक्षरं बसली होती. पितळी शिक्का लाखेवर उमटवला की अक्षराची कड नखाला लागते. इथे ती गुळगुळीत, झोपल्यासारखी झाली होती. आणि लाख एका बाजूला ओघळली होती. खाली नव्हे, आडवी, पेटीच्या बिजागरीच्या दिशेने. एका टोकाला तर थेंब तुटून पडल्याची खूण होती.

भिंतीवर टांगलेल्या पेटीची लाख उन्हाने वितळली, तर ती जमिनीकडे ओघळणार. आडवी ओघळायची तर पेटी आडवी ठेवलेली हवी. आणि तिला चांगली धग लागायला हवी. ऑफिसातल्या कपाटात लाख वितळत नाही.

खारेपाटणच्या बाजारात उतरल्यावर त्या घरी न जाता दीपिकाच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात शिरल्या. "मागे रबर असलेलं पेन असतं ना गो? घासलं की शाई जाते ते?"

दीपिकाने डबी पुढे केली. "ह्यां काय? पोरां लय न्हेतत. पण बाई, परीक्षेक वापरू नको म्हणान सांगा कोणाक द्यायचा आसात तर. रबर नसता ता. घासल्यार गरम होता नि शाई दिसेनाशी होता. गेल्या मे म्हयन्यात एका मास्तरान वही गाडीत उन्हात ठेयल्यानी. अख्खी वही कोरी!"

किशोरीबाईंच्या हातातली डबी तशीच राहिली. "मग? गेलं सगळं?"

"नाय ओ. माझ्याकडे भांडूक इलो. मी सांगलंय, फ्रीजरात ठेव. बर्फाच्या थंडीत परत दिसता. दिसला!"

किशोरीबाईंनी एक पेन घेतलं. घरी पोचताच चहाचं आधण ठेवलं, कागदावर आपलं नाव लिहिलं आणि कागद तापल्या भांड्याला टेकवला. 'किशोरी' हळूहळू फिकट झालं नि नाहीसं झालं. चहा करायचं त्या विसरल्याच. तोच कागद त्यांनी फ्रीजच्या वरच्या कप्प्यात बर्फाशेजारी ठेवला, आणि पोस्टात नवी आलेली मुलगी तिकिटं मोजताना जशी श्वास रोखून बसते, तशा स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिल्या.

'किशोरी' पुन्हा उमटलेलं बघितल्यावर त्यांनी शिवांगीला फोन लावला. "तक्रार कुठल्या पेनाने लिहिलीस?"

"माझा पेन संपल्ला. ऑफिसच्या टेबलावरचा घेतलंय. मागे रबर आसलेला. जोडारची सही पण तेनाच केलंय."

"घेताना कोणी बघितलं?"

"केयूर सर समोरच बसल्ले. थयच कोपऱ्यात बसान लिवलंय. पेन परत देताना तेंनी इचारल्यानी, 'काय गो, अर्ज काय?' मी काय बोलाक नाय. पाकीट हातातच होता."

किशोरीबाईंनी फोन ठेवला. आता एकच दुवा राहिला होता. पेटी ऑफिसातून धगीपर्यंत गेली कशी? आणि अचानक त्यांना सकाळचा रुक्मिणीचा आरडाओरडा आठवला.

५

सोमवारी दुपारी मालकांच्या केबिनमध्ये चौघं बसली. सदानंद वालावलकर, केयूर, नम्रता आणि किशोरीबाई. किशोरीबाईंनी आधी शिवांगीची परवानगी घेतली होती. तिचं नाव मात्र त्यांनी केबिनमध्ये एकदाही उच्चारलं नाही.

सदानंद पन्नाशीचे. वडिलांच्या दोन खोल्यांच्या धंद्याचा त्यांनी कारखाना केला होता आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता. "मॅडम, गुरुवारी तपासणी आहे. दहा मिनिटांत आटपा."

"दहा मिनिटंच लागतील." किशोरीबाईंनी ती दोन कोरी पानं सगळ्यांना दाखवली, मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून नम्रताकडे दिली. "कॅन्टीनच्या डीप फ्रीजरमध्ये ठेव आणि तिथेच उभी राहा. दहा मिनिटांनी घेऊन ये."

केयूर खुर्चीत सरळ झाला.

"तोवर सांगते," किशोरीबाई म्हणाल्या. "पाकीट कुणी उघडलं नाही, कारण भाताची शितं जागची हलली नव्हती. पेटी उघडली नाही, कारण सील तुटलं नव्हतं. मग अक्षरं गेली कुठे? लाख सांगते की पेटी आडवी ठेवून तापवली. महादू सांगतो की बुधवारी फक्त तेवढीच एक भिंत रंगवली आणि पेटी मॅनेजरसाहेबांनी स्वतः उतरवली. आणि हे रुक्मिणीकडून आणलंय."

त्यांनी कागदाची पुडी उघडली. आत तांबड्या लाखेचा चपटा थेंब होता. "दोन नंबरच्या ड्रायरच्या ट्रेवर सापडला. तिला वाटलं नखांचा रंग, म्हणून पोरींना दाखवायला तिने जपून ठेवला होता. बुधवारी दुपारी तो ड्रायर रिकामा होता, तरी चालू होता. साहेबांनी तिला सांगितलं, तपासणीआधी रिकामा तापवून बघतोय, तू जेवायला जा." त्यांनी सीलचा तुकडा शेजारी ठेवला. थेंब त्याच्या तुटक्या टोकाला तंतोतंत बसला.

"हे सगळं तर्कट आहे," केयूर म्हणाला. "सुशांतला पण ड्रायर चालवता येतो."

"सुशांत शनिवारपर्यंत बेळगावला होता. आणि तक्रार सुशांतबद्दल आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

केयूर सदानंदांकडे बघायला लागला.

"मी 'कोरा कागद' म्हटलं, तेव्हा तुम्ही 'दोन' म्हणालात. आज मी कुणाचंच नाव घेतलं नाही, तरी तुम्ही सुशांतचं घेतलंत. तक्रार तुमच्या पेनाने, तुमच्या डोळ्यांसमोर लिहिली गेली. त्या पेनाची शाई तापली की नाहीशी होते, हे या कारखान्यात तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? रोज तक्ता पुसता तुम्ही."

दार उघडलं. नम्रता आली. तिच्या हातातल्या पिशवीवर दव साचलं होतं, आणि ती रडत होती की हसत होती ते कळत नव्हतं.

"बाई," ती म्हणाली, "आलं."

किशोरीबाईंनी पानं आपल्याकडे वळवून धरली. निळी अक्षरं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत उभी होती. जरा फिकी, पण एकूण एक. सदानंदांनी हात पुढे केला, तेव्हा त्यांनी पानं मिटली. "मजकूर समितीचा. तुम्ही एवढंच बघा की पानं कोरी नाहीत."

६

केयूर कोसळला तो सगळा एकदमच. "मी कुणासाठी केलं, सर? तुम्हीच म्हणालात ना, तपासणीआधी एकही कागद नको! चार वर्षं आपण अहवालात शून्य लिहितोय. तुम्ही म्हणालात, यंदाही शून्यच पाहिजे. ती दोनदा माझ्याकडे आली होती. मी म्हटलं, दुर्लक्ष कर. मग तिने पेटीत टाकलं. मी काय करायला हवं होतं?"

"पुरे!" सदानंद ओरडले. मग किशोरीबाईंकडे वळले. "मॅडम, याला आजच काढतो. सुशांतलाही काढतो. प्रकरण इथेच संपवू."

"नाही संपत. सुशांतची रीतसर चौकशी होईल. त्याला बाजू मांडायची संधी मिळेल, आणि तोवर तो त्या मुलीच्या विभागात फिरकणार नाही, अशी समिती तुम्हाला लेखी शिफारस करील. केयूरने जे केलं त्याचं काय करायचं, ते तुमच्या सेवानियमांप्रमाणे करा. पण तुमचं काय करायचं, साहेब?"

"माझं? मला काही माहीतच नव्हतं!"

"तेच तर." किशोरीबाईंचा आवाज चढला नाही. "बायकांना सुरक्षित काम करता यावं, ही जबाबदारी कायद्याने मॅनेजरवर टाकलेली नाही, वॉचमनवर नाही, माझ्यावर नाही. मालकावर टाकली आहे. चार वर्षांत तुम्ही पेटी बघायला कधी आलात? कामगारांची एक तरी कार्यशाळा घेतलीत? समितीची पाटी कुठे आहे, सांगता येईल?"

सदानंदांनी खुर्ची मागे सारली.

ते उठले आणि एकटेच बाहेर गेले. काचेतून किशोरीबाईंना दिसलं, ते पाणपोईपाशी इकडेतिकडे बघत होते. पाणी प्यायला आलेल्या एका बाईने, काही न बोलता, कॅलेंडर वर उचलून धरलं. आपल्याच कारखान्याचं नाव छापलेलं ते कॅलेंडर. सदानंद पाटी वाचत उभे राहिले. शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मग त्यांनी कॅलेंडर खिळ्यासकट उपटून काढलं.

सुट्टीची घंटा झाल्यावर त्यांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. भाषणाची त्यांना सवय होती, पण त्या दिवशी शब्द सापडत नव्हते. "आपल्यातल्या एका बाईने काही लिहिलं होतं," ते म्हणाले. "ते इथे पुसलं गेलं. पुसणारा माझा माणूस होता. आणि पुसायला हवं असं त्याला वाटलं, ते माझ्यामुळे. ह्याची जबाबदारी माझी आसा. माझीच." शेवटी ते मालवणीवर आले, हे त्यांच्याही ध्यानात आलं नाही.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रुक्मिणी तेवढी म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "बापाशीच्या मागसून वालावलकरांचो झील आज मालक झालो."

गुरुवारी परदेशी कंपनीची माणसं आली. तक्रारींच्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं. 'एक. चौकशी चालू.' त्यांच्यातल्या बाईने विचारलं, गेल्या चार वर्षांत एकही कशी नाही? सदानंद म्हणाले, "असतीलही. माझ्यापर्यंत पोचू दिल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही." त्या बाईने हातातली यादी खाली ठेवली आणि सोलणीच्या खोलीत जाऊन दोन तास बायकांशी बोलत बसली. ऑर्डर गेली नाही.

केयूरला सदानंदांनी सेवानियमांप्रमाणे नोटीस दिली आणि त्याचा खुलासा ऐकून कामावरून कमी केलं. सुशांतची चौकशी पाच आठवडे चालली. त्याच्या फोनवरचे संदेश, तीन मुलींच्या साक्षी आणि ती दोन पानं, यांपुढे त्याचं काही चाललं नाही. समितीने शिफारस केली आणि सदानंदांनी ती आठ दिवसांत अमलात आणली. सुशांतची नोकरी गेली. अहवालाची प्रत घेऊन किशोरीबाई आणि नम्रता ओरोसला जिल्हा कार्यालयात गेल्या. अर्ज घेणाऱ्या कारकुनाने कारखान्याचं नाव वाचून भुवया उंचावल्या, तेव्हा नम्रता म्हणाली, "हो, आमचाच." आणि ते ती मान वर करून म्हणाली.

पण किशोरीबाईंना कुणी या प्रकरणाबद्दल विचारलं, तर त्या निकालाचं सांगत नाहीत. चौकशीच्या पहिल्या दिवसाचं सांगतात.

समितीपुढे शिवांगी बसली होती. सुशांतसमोर बसायची सक्ती नाही, असं तिला आधीच सांगितलं होतं. तो दुसऱ्या खोलीत होता. नम्रता जबाब लिहून घेत होती. शिवांगीने शुद्ध मराठीत सुरुवात केली, शाळेत धडा म्हणावा तशी. "दिनांक अमुक रोजी मी टेबलावर काम करीत असताना..." दोन वाक्यांत ती अडखळली.

मग तिने खुर्ची पुढे ओढली.

"मी माझ्या भाशेत सांगतंय," ती म्हणाली. "ता माझ्यासोबत माझ्या भाशेतच झाला."

आणि तिने सांगितलं. पाऊण तास, न थांबता, न रडता. तो काय म्हणाला, ती काय म्हणाली, कुठल्या टेबलापाशी, कुणासमोर. तिचा आवाज एकदाही खाली गेला नाही.

ती गेल्यावर नम्रता आपल्या आठ पानांकडे बघत बसली. "बाई, हे सगळं मालवणीत आहे. जिल्ह्याला पाठवायचंय. शुद्ध करून लिहू का?"

किशोरीबाईंनी ती पानं ओढून घेतली, वरपासून खालपर्यंत वाचली आणि प्रत्येक पानाखाली आपली सही ठोकली.

"एक अक्षर बदलू नको," त्या म्हणाल्या.